व्यसनमुक्तीचा उपचार आणि आपला आरोग्य विमा : कोणते बिल कोण भरणार?

या पाठात आपण पाहू : व्यसनाच्या उपचारात खर्चाचे भाग कोणते, त्यातला कोणता भाग विम्यातून मिळू शकतो, कोणता सहसा मिळत नाही, आणि न मिळणाऱ्या भागासाठी घरची पुंजी न मोडता काय करता येते.



मुन्शी घाट आपल्या ओळखीचा आहे. दशाश्वमेधपासून जवळच, दरभंगा घाटाला लागून असलेल्या या घाटाला नाव मिळाले ते नागपूर राज्याचे अर्थखाते सांभाळणारे श्रीधर नारायण मुन्शी यांचे. काशीत पिढ्यानपिढ्या राहणारी मराठी घरे आणि यात्रेला येणारी मराठी माणसे या पायऱ्यांवरून रोज जात असतात. त्यांच्यापैकी अनेकांनी आरोग्य विमा घेतलेला असतो. पण घरातल्या माणसाचा आजार व्यसनाचा असेल, तर ही पॉलिसी काय देईल, हे फार थोड्यांनी वाचलेले असते.

मुदत ठेव वेळेआधी मोडायला आलेल्या खातेदाराला कारण विचारले, तर पुष्कळदा ‘घरात दवाखाना आहे’ एवढेच उत्तर मिळते. कोणता दवाखाना, हे सांगताना जीभ अडखळते. या संकोचामुळे दोन नुकसाने होतात. उपचाराला उशीर होतो, आणि पैशाचे निर्णय घाईत घेतले जातात. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतो, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळणारा १८० जणांत एक असतो. म्हणजे हा प्रश्न एखाद्या घरापुरता नाही. त्याची लाज न बाळगता हिशेब मांडू या.

१. आधी खर्चाचे तीन भाग करा

एक उदाहरण घेऊ. उदाहरण आणि त्यातले आकडे केवळ समजण्यासाठी कल्पिलेले आहेत.

घाटावरच्या गल्लीत पूजासाहित्याचे दुकान चालवणारे एक कुटुंब आहे. कर्त्या पुरुषाला बारा वर्षे रोज दारू लागते. चार वर्षांपूर्वी घरच्यांनी पाच लाखांचा कौटुंबिक आरोग्य विमा घेतला. एके दिवशी त्याने निश्चय करून दारू एकदम बंद केली. दुसऱ्या रात्री हातपाय थरथरू लागले, झटका आला, भान गेले. (रोज खूप पिणाऱ्याने दारू अचानक सोडली की असे होऊ शकते आणि ते जिवावर बेतू शकते. अशा माणसाला घरात कोंडून ठेवू नये, लगेच रुग्णालयात न्यावे.) पुढचा खर्च असा झाला :

पहिले बिल – रुग्णालयात सहा दिवस दाखल : ४२,००० रुपये
दुसरे बिल – व्यसनमुक्ती केंद्रात ३५ दिवसांचा निवास : ३५,००० रुपये
तिसरे बिल – सहा महिने औषधे आणि समुपदेशन, दरमहा १,५०० : ९,००० रुपये
एकूण : ८६,००० रुपये

कुटुंबाला वाटत होते की पाच लाखांचा विमा आहे, तर ८६ हजार सहज मिळतील. पण विमा कंपनी ही तीन बिले तीन वेगवेगळ्या नियमांनी तपासते. आपणही तसेच तपासायला हवे.

२. कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

(अ) ‘मानसिक आजार’ या शब्दाच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश आहे.

(आ) कलम २१(४) नुसार प्रत्येक विमा कंपनीने मानसिक आजाराच्या उपचारासाठी शारीरिक आजारासारखीच विम्याची सोय केली पाहिजे.

विमा नियामक आयआरडीएआयने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना हे कलम पाळण्यास सांगितले आणि २०२२ मध्ये ३१ ऑक्टोबरची मुदत घालून पुन्हा बजावले. दिल्ली उच्च न्यायालयानेही एप्रिल २०२१ मध्ये एका मानसिक आजाराच्या प्रकरणात कंपन्यांना या कलमाचे पालन करावेच लागेल असे सांगितले.

३. मग अडचण कुठे येते?

अडचण पॉलिसीच्या अपवादांत, म्हणजे एक्सक्लूजनच्या यादीत आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये नियामकाने अपवादांची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली आणि प्रत्येक अपवादाला क्रमांक दिला. आपली पॉलिसी उघडा आणि हे दोन क्रमांक शोधा.

अपवाद क्रमांक १२ : दारूचे व्यसन, अमली किंवा तत्सम पदार्थांचा गैरवापर, कोणतीही व्यसनाची अवस्था ‘आणि तिचे परिणाम’ यांवरील उपचार. यातले शेवटचे शब्द नीट पाहा. ‘परिणाम’ या एका शब्दाच्या आधारे कंपन्या दारूमुळे झालेल्या यकृताच्या आजाराचे क्लेमही नाकारतात.

अपवाद क्रमांक ५ : केवळ विश्रांतीसाठी, पुनर्वसनासाठी किंवा देखभालीसाठी दाखल होण्याचा खर्च. केंद्रातला महिनाभराचा निवास कंपनी बहुधा याच कलमात बसवते.

काशीत भांगेची परवानाधारक दुकाने आहेत, म्हणून काहींना वाटते की भांगेला हे कलम लागू नाही. अपवाद १२ मध्ये पदार्थ कायदेशीर की बेकायदेशीर असा भेद केलेला नाही. दारूही परवान्याच्या दुकानातच मिळते. मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधामुळे बुद्धीवर परिणाम झाला असेल, तर ते कारण अपवाद म्हणून वापरायला नियामकाने मनाई केली आहे.

म्हणजे एका बाजूला संसदेचा कायदा आहे आणि दुसऱ्या बाजूला पॉलिसीतले छापील कलम. क्लेम नाकारला गेला तर कलम २१(४) चा आधार जरूर घ्या. पण केवळ त्या भरवशावर घरातली पुंजी आधी खर्चून बसू नका. या पाठाचे सार एवढेच आहे.

४. आता तीन बिले पुन्हा पाहू

पहिले बिल (रुग्णालय) : क्लेम करण्याजोगे. किमान २४ तास दाखल, नोंदणीकृत रुग्णालय, डॉक्टरांचे निदान या अटी पूर्ण होतात. कंपनी अपवाद १२ दाखवू शकते, पण कायद्याचा मुद्दा इथेच सर्वांत भक्कम आहे. झटका, बेशुद्धी ही तातडीची वैद्यकीय अवस्था होती हे कागदावर आले पाहिजे.

दुसरे बिल (केंद्र) : बहुधा मिळत नाही. पॉलिसीतली ‘रुग्णालया’ची व्याख्या वाचा. दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा, इतरत्र १५, चोवीस तास डॉक्टर आणि परिचारिका, शस्त्रक्रियागृह अशा अटी असतात. अनेक चांगली केंद्रेही त्या पूर्ण करत नाहीत, कारण त्यांचे काम वेगळे आहे. पुण्याचे ‘मुक्तांगण’ आपणा मराठी माणसांना ठाऊक आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ मध्ये सुरू केले. तिथला ३५ दिवसांचा उपचार गटचर्चा, समुपदेशन आणि शिस्तीच्या दिनक्रमावर उभा आहे. तिथे शस्त्रक्रियागृहाची गरजच नाही. थोडक्यात, केंद्र उत्तम असणे आणि ते विम्याच्या व्याख्येत बसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

तिसरे बिल (औषधे, समुपदेशन) : साध्या पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्च नसतो. रुग्णालयातून सुटल्यावर ठरावीक दिवसांचा खर्च मिळतो. ‘आरोग्य संजीवनी’ या सर्व कंपन्यांत सारख्या असलेल्या पॉलिसीत तो ६० दिवसांचा आहे. पण मूळ क्लेम मंजूर झाला तरच हा खर्च मिळतो.

५. खात्यातून कापला जाणारा प्रत्येक हप्ता आरोग्य विम्याचा नसतो

बऱ्याच खातेदारांच्या पासबुकात वर्षाला २० रुपये आणि ४३६ रुपये कापल्याच्या नोंदी असतात. २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यू आणि अपंगत्वासाठी आहे. ४३६ रुपयांची जीवन ज्योती योजना मृत्यूनंतर वारसाला दोन लाख देते. या दोन्हींतून रुग्णालयाचे बिल मिळत नाही.

आयुष्मान भारत योजनेतून मात्र पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत दाखल-उपचार मिळतात आणि हे कार्ड दुसऱ्या राज्यातही चालते. नागपूरचा यात्रेकरू वाराणसीत आजारी पडला, तर तो योजनेतल्या रुग्णालयात ते वापरू शकतो. योजनेच्या उपचारयादीत मानसिक आजारांचा विभाग आहे आणि त्यात व्यसनद्रव्यांमुळे होणारे मानसिक विकारही येतात. हे उपचार मुख्यतः सरकारी रुग्णालयांतून होतात. बाह्यरुग्ण उपचार आणि व्यसनमुक्ती पुनर्वसनाचा कार्यक्रम मात्र योजनेबाहेर आहे. चौकशीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.

६. लपवू नका : ना अर्जात, ना केसपेपरवर

विम्याच्या अर्जात दारू, तंबाखू आणि इतर सवयींबद्दल प्रश्न असतो. एजंट घाईत ‘नाही’वर खूण करतो आणि आपण सही करतो. ही खूण पुढे फार महागात पडते. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विमा महामंडळाच्या ‘जीवन आरोग्य’ पॉलिसीचा क्लेम नाकारणे योग्य ठरवले, कारण पॉलिसी घेताना दारूचे जुने व्यसन लपवले होते. म्हणून :

- अर्ज स्वतः वाचा. सवय असेल तर ती खरी लिहा. प्रीमियम थोडा वाढेल किंवा अट येईल, पण पॉलिसी पक्की राहील.
- पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत पटली नाही तर परत करता येते. या दिवसांत चूक दिसली तर कंपनीला लेखी कळवून दुरुस्त करून घ्या.
- आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो.
- सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, ‘माहिती लपवली’ म्हणून कंपनी क्लेम अडवू शकत नाही. पण छापील अपवाद त्यानंतरही लागू राहतात. म्हणून हप्ता चुकवू नका आणि ‘पाच वर्षे झाली, आता सगळे मिळेल’ असेही समजू नका.

काही घरचे लोक डॉक्टरांना ‘दारूचे लिहू नका’ अशी गळ घालतात. असे करू नका. खोटी नोंद ही फसवणूक ठरते. शिवाय खरी माहिती नसेल तर उपचारही चुकतो. मागायचे ते पूर्ण आणि नेमके लिहिणे. माणूस सणावाराला घेणारा असेल तर ‘व्यसन’ असे लिहिले जाऊ नये. यकृताच्या आजाराला कावीळ ‘ब’सारखे दुसरे कारण असेल तर तेही लिहिले जावे. अपवाद लागू होतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी विमा कंपनीची असते, आणि डॉक्टरांचा स्पष्ट लेखी अभिप्राय हा आपला सर्वांत मोठा पुरावा असतो.

७. दाखल करण्याआधी विचारायचे प्रश्न

तातडीची वेळ असेल तर आधी दाखल करा आणि लगेच कंपनीला कळवा. सवड असेल तर हे प्रश्न ईमेलने किंवा पत्राने विचारा. फोनवरचे ‘हो, मिळेल’ उपयोगाचे नाही.

विमा कंपनीला :
(१) माझ्या पॉलिसीत अपवाद १२ आणि ५ आहेत का?
(२) या रुग्णालयात या निदानासाठी कॅशलेस मिळेल का? मानसिक आजारासाठी रकमेची वेगळी मर्यादा आहे का?
(३) सुटल्यानंतर किती दिवसांचा खर्च मिळेल?

केंद्राला :
(१) मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का? प्रमाणपत्र दाखवा.
(२) डॉक्टर कोण, किती वेळा येतात? तब्येत बिघडली तर कोणत्या रुग्णालयात नेता?
(३) एकूण खर्च किती, पावती मिळेल का? मधेच परत यावे लागले तर उरलेले पैसे परत मिळतील का?

रुग्णाला साखळीने बांधणे कायद्याने निषिद्ध आहे. जे केंद्र घरच्यांना भेटू देत नाही आणि पूर्ण रक्कम रोखीने आगाऊ मागते, तिथे पैसे भरू नका.

८. विम्याबाहेरचे मार्ग

- सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्थांची व्यसनमुक्ती पुनर्वसन केंद्रे चालतात. जवळच्या केंद्राची माहिती १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मिळते. उदाहरणातले दुसरे बिल या मार्गाने खूप कमी होऊ शकते किंवा पूर्ण वाचू शकते.
- मन अस्वस्थ असेल, घरचे हतबल असतील, तर ‘टेलि-मानस’ १४४१६ वर बोला. ही सेवा मोफत आहे.
- वाराणसीत बनारस हिंदू विद्यापीठाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि पांडेपूरला सरकारी मानसिक रुग्णालय आहे. महागड्या खासगी ठिकाणी आगाऊ रक्कम भरण्याआधी एकदा इथे दाखवा.

९. क्लेम नाकारला तर

पायरी १ : नाकारल्याचे कारण आणि कलमाचा क्रमांक लेखी मागा.
पायरी २ : कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करा. त्यात कायद्याचे कलम २१(४), मानसिक आजाराची व्याख्या आणि डॉक्टरांचा अभिप्राय यांचा उल्लेख करा. नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वरही तक्रार नोंदवता येते.
पायरी ३ : महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. शुल्क नाही, वकील लागत नाही, मर्यादा ५० लाख रुपये. वाराणसीसाठी लखनौचे कार्यालय, नागपूरसाठी पुण्याचे.
पायरी ४ : दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते.

पॉलिसी बँकेतून घेतली असली तरी क्लेमचा निर्णय विमा कंपनीच घेते. पण अर्ज कुठे पाठवायचा हे शाखेत विचारायला संकोच करू नका.

१०. बचत मोडण्याआधी

समजा, ४०,००० रुपये सहा महिन्यांसाठी हवे आहेत आणि आपली एक लाखाची मुदत ठेव ६.५ टक्क्यांनी ठेवलेली आहे. ठेवीवर ७.५ टक्क्यांनी कर्ज घेतले तर सहा महिन्यांचे व्याज सुमारे १,५०० रुपये होते, आणि ठेवीवरचे व्याज चालूच राहते. तेच पैसे दागिने गहाण ठेवून सावकाराकडून दरमहा ३ टक्क्यांनी घेतले, तर व्याज ७,२०० रुपये होते. म्हणून ठेव मोडण्याआधी आणि दागिने उचलण्याआधी ठेवीवरच्या कर्जाची चौकशी करा.

घरात व्यसनाचा त्रास असेल तर संयुक्त खात्याचा व्यवहार ‘दोघांपैकी कोणीही’ याऐवजी ‘दोघांच्या सहीने’ करून घेता येतो. मात्र त्याला सर्व खातेदारांची संमती लागते. पतीच्या एकट्याच्या खात्याची माहिती पत्नीलाही बँक देऊ शकत नाही. म्हणून माणूस शुद्धीवर असताना, त्याच्याशी बोलून, त्याच्या संमतीनेच ही व्यवस्था करा. उपचारानंतर औषधांसाठी दरमहा हजार-दीड हजारांची तरतूद वेगळी ठेवा. खर्चाचा सगळ्यात विसरला जाणारा भाग हाच आहे, आणि तो थांबला की व्यसन परतण्याची भीती वाढते.

स्वाध्याय

१. आपल्या पॉलिसीत अपवाद १२ कोणत्या पानावर आहे? पान क्रमांक इथे लिहा.
२. आपल्या पॉलिसीला सलग किती महिने झाले?
३. खालील विधान चूक की बरोबर? ‘पॉलिसीला पाच वर्षे झाली, म्हणून व्यसनमुक्ती केंद्राचे बिल कंपनीला द्यावेच लागेल.’
(उत्तर : चूक. पाच वर्षांनी माहिती लपवल्याचा आक्षेप संपतो, छापील अपवाद संपत नाहीत.)
४. घरातल्या मोठ्यांसोबत १४४४६ आणि १४४१६ हे क्रमांक फोनमध्ये नोंदवून ठेवा. वेळ आली की शोधत बसावे लागणार नाही.